हिवराखालचं बीळ

२३ नोव्हेंबर २००३, रविवार

आहे! अजून एक तरी आहे.

सकाळी माळावर फिरायला गेलो तेव्हा ओघळीच्या काठावर, हिवराच्या झाडापाशी उभी होती. लांडग्याची मादी. मातकट रंग, पाठीवर काळसर झाक, पाय लांब, पोट खाली ओघळलेलं. माझ्याकडे बघितलं — पहिल्या दिवशी नवं पोर मास्तरांकडे बघतं तसं. मग ओघळीत उतरली आणि गवत पुन्हा मिटलं.

वीस वर्षांनी दिसली. मी सात-आठ वर्षांचा असताना वडिलांच्या खांद्यावर बसून याच माळावर संस्थानचे चित्ते बघितलेत. बैलगाडीतून यायचे, डोळ्यांवर कातडी टोपी. टोपी काढली की समोर काळविटांचा कळप, आणि मग नुसती धूळ. चित्ता गेला. काळवीट गेलं. कमरेएवढं गवत गेलं. माळ राहिला, तर त्यालाही आता सगळे ‘पडीक’ म्हणतात. एवढं सगळं राहत होतं तिथं — आणि पडीक!

घरी येऊन सांगितलं. सून म्हणाली, एकटं जात जाऊ नका मामंजी. दानेश्वरीला सगळ्याची काळजी. पोरगा, श्रीशैल, मोबाईलवर बोलत होता. त्याला ऐकू गेलं नाही. किंवा गेलं.

२६ नोव्हेंबर

मायाप्पा धनगर भेटला. त्याची मेंढरं सध्या माळावर बसलीत. चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकला. गणितात भोपळा, पण कविता म्हणायला लागलं की पहिला आवाज त्याचा. सगळा वर्ग त्याच्या मागनं चालायचा, मेंढरासारखा.

म्हटलं, मायाप्पा, रविवारी लांडगीण बघितली. त्यानं झटकन हात आडवा केला.

“नाव घिऊ नगासा गुर्जी. पावणं म्हणायचं.”

त्यांच्यात तसंच आहे. माळावर त्याचं नाव घेतलं की ते येतं. म्हणून बायकापोरंसुद्धा ‘पावणं’च म्हणतात. गेल्या महिन्यात एक कोकरू गेलं, तर म्हाताऱ्यानं — माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण म्हातारा दिसतो — एवढंच सांगितलं की पावणं जेवून गेलं. राग नाही? म्हटलं. तर म्हणाला, त्याचा वाटा हाय की त्यो. पयल्यांदा त्यो आला हितं, मागनं आमी.

मी हसलो. मास्तराला नाव न घेता कसं जमायचं? चौतीस वर्षं रोज सकाळी नावंच घेतली.

९ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी टीव्हीवर पांढरे लांडगे दाखवले. उत्तर ध्रुवाकडचे.

काय आयुष्य! चार महिने सूर्य उगवत नाही, त्या अंधारात हे मैलोन्‌मैल हिंडतात. जमीन दगडासारखी गोठलेली, बीळ खणता येत नाही, म्हणून खडकाच्या कपारीत पिल्लं. तीच कपार आजीची, आईची, लेकीची. मादी पिल्लांपाशी बसते आणि बाकीचे शिकारीला जातात — नुसता बाप नाही, काका, आत्या, थोरली भावंडं, सगळे. पोटात मांस भरून आणतात आणि पिल्लांपुढे ओकतात. एवढं एकत्र कुटुंब आता आमच्या गल्लीत नाही.

माणूस तिथं फारसा पोचलाच नाही, म्हणून ते माणसाला भीत नाहीत. एक पिल्लू कॅमेरावाल्याच्या बुटाची नाडी ओढत होतं. बघत राहिलो. आमच्या इथल्याला मैलावरनं बूट दिसला की जमीन जवळ करावी लागते — कारण त्याला आम्ही चांगलेच ठाऊक.

पण तिथंही धड नाही. थंडी कमी झाली म्हणे. बर्फावर पाऊस पडतो, तो गोठतो, वर काचेसारखा थर होतो. केसाळ बैल आणि पांढरे ससे खालच्या पाल्यापर्यंत पोचत नाहीत, मरतात. मग लांडगे उपाशी. ज्याला त्यांनी कधी बघितलं नाही, त्या माणसाच्या धुरानं.

दानेश्वरीनं पदरानं डोळे पुसले. श्रीशैलनंसुद्धा ताट बाजूला ठेवलं. “लई वाईट ओ अप्पा. कुणीतरी कायतरी कराय पायजे.”

म्हटलं, आपल्या माळावरही एक आहे.

“ते येगळं,” म्हणाला, आणि भात घेतला.

१४ डिसेंबर

पाच दिवस मादी दिसली नाही. मायाप्पाला विचारलं. बसली आसंल, म्हणाला. म्हणजे व्यायली!

१ जानेवारी २००४

मायाप्पानं बीळ दाखवलं. आपण होऊन. चप्पल काढायला लावली, वाऱ्याची दिशा बघितली, आणि समोरच्या काठावर पालथं पडायला लावलं. त्र्याहत्तराव्या वर्षी मुरमावर पालथा! कोपरं सोलली.

हिवराखाली, मुळांच्या आड, ओघळीच्या भिंतीत ते तोंड. बराच वेळ काही नाही. टिटवी ओरडत होती. मग एक काळपट गोळा बाहेर आला, धडपडला, बसला. मग दुसरा. पाच! कान अजून पडलेले, डोळे निळसर. एकानं दुसऱ्याची शेपटी धरली, तिसरं मध्येच झोपून गेलं. बिगरीचा वर्ग सुटावा तसं सगळं.

तेवढ्यात नर आला. तोंडात काही नव्हतं, पण पिल्लं त्याच्या ओठांना लुचायला लागली आणि त्यानं ओकून घातलं. टीव्हीवर दाखवलं होतं अगदी तसंच. हजारो मैलांवर बर्फातली आणि इथं मुरमातली — एकच रीत. हळूच दोन ओळी पुटपुटलो, माझ्याच, आत्ताच सुचलेल्या :

माळ माझा कोरडा, वारा त्याचा घोडा,
जाणाऱ्यानं जावं, पण पाऊल तेवढं सोडा.

मायाप्पा म्हणाला, कविता नंतर म्हणा, आदी गप पडा.

परत येताना त्यानं मला शपथ घातली नाही. घातली असती तर बरं झालं असतं.

३ जानेवारी

माळावर चुन्याच्या खुणा. दगडादगडावर पांढरे पट्टे, अंतरा-अंतरावर खुंट्या. ओघळीच्या अल्याड दोन, पल्याड दोन. बीळ बरोबर मध्ये.

घरी आलो. श्रीशैलला विचारलं. त्यानं लपवलं नाही, तेवढं खरं. हायवे चौपदरी होतोय, खडी लागणार. माळ गायरान, गावाचा ठराव झालाय, वरची परवानगी या महिन्यात येईल. क्रशर त्याचा आणि दोघा भागीदारांचा.

कबनूरला त्याचे सहा माग होते. पहाटेपासून खटखट चालायची, तिच्यावर हे घर उभं राहिलं. मग सूत महागलं, कापड पडून राहिलं, आणि एक-एक माग हातोड्यानं फोडून भंगारात गेला. शेवटचा गेला त्या दिवशी पोरगा जेवला नव्हता. सगळं ठाऊक आहे मला. म्हणून आवाज चढवला नाही. म्हटलं, तिथं पिल्लं आहेत रे.

“अप्पा, तितं दगुड हाय,” म्हणाला.

५ जानेवारी, सोमवार

अर्ज लिहिला. वनखात्याला.

तीन मसुदे झाले. पहिल्यात राग फार होता, दुसऱ्यात उपमा फार. तिसरा जमला. ‘महोदय, दूरच्या हिमप्रदेशातील श्वेत वृकासाठी ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांच्या उंबऱ्याशी त्याचेच भावंड निराधार आहे…’ अशी सुरुवात. पुढे संस्थानचे चित्ते, काळविटं, कायद्यानं लांडग्याला दिलेलं संरक्षण, पाच पिल्लं, नर, मादी, सगळं. खाणीची परवानगी थांबवावी ही नम्र विनंती.

सोबत नकाशा. पिशवीतनं जुने टाक शोधून काढले. उत्तर दिशेचा बाण, प्रमाण, ओघळ निळ्या शाईत, हिवर हिरव्या, आणि बीळ — लाल ठिपका. त्याखाली ‘लांडग्याचे बीळ’. साहेबाला शोधत फिरायला लागू नये.

इथं खरं लिहितो. लिहिताना फार बरं वाटलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी वाचेल म्हणून काहीतरी लिहीत होतो. श्रीशैलची आई, रत्नव्वा, असती तर तिला वाचून दाखवलं असतं. ती म्हणाली असती, एवढं मोठं कशाला?

इचलकरंजीला जाऊन रजिस्टर केलं. गावच्या पोस्टात टाकलं असतं तर पोस्टमननं आधी चहाच्या टपरीवर सांगितलं असतं. श्रीशैलला बोललो नाही. मायाप्पालाही नाही. त्याला थेट बातमी द्यायची — खाण थांबली म्हणून!

१५ जानेवारी

पोचपावती आली. शिक्का पुसट.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाला शाळेत गेलो. पोरांनी समूहगीत म्हटलं, चाल बिघडवलीय, असो.

जिलबी वाटताना कृष्णात आला आणि वाकून पाया पडला. ग्रामपंचायतीत क्लार्क आहे, माझाच विद्यार्थी. म्हणाला, गुर्जी, अक्षर म्हंजे मोती. बॉडीच्या मीटिंगला मीच मोठ्यानं वाचला.

काय वाचलं?

“लांडग्याचा अर्ज की. फॉरेस्टनं प्रत धाडलीया, ग्रामपंचायतीचा अभिप्राय पायजे म्हणून. नकाशासकट.”

हातातली जिलबी तशीच राहिली. ज्या गावापासून लपवायला सहा मैलांवर जाऊन रजिस्टर केलं, त्याच गावाला सरकारनं माझा कागद परत पाठवला — अभिप्रायासाठी!

कृष्णात रंगात आला होता. म्हणे ती श्वेत वृकाची ओळ वाचली तेव्हा सरपंचसुद्धा गप्प बसला. मग कुणीतरी म्हणालं, फॉरेस्ट आलं की कुंपणाच्या तारा मारणार. खडी गेली, मेंढरं चरायची गेली, घरकुलांची जागा गेली. मग सगळेच बोलायला लागले.

श्रीशैल होता का? — हुता की, मागं बसलावता. — काही बोलला?

कृष्णात हसला. “‘आमच्या अप्पांनी नकाशा झकास काडलाय,’ म्हणाला.”

आणि मी मूर्ख! घरी येईपर्यंत मनात एकच — मोठ्यानं वाचला, सरपंच गप्प बसला.

२९ जानेवारी

श्रीशैल भांडला नाही. सकाळी चहा स्वतः आणून दिला. म्हणाला, रविवारी जोतिबाला जाऊन या, दानेश्वरीचा नवस राहिलाय, जीप सांगितलीय. तुम्हालाबी बरं वाटंल.

१ फेब्रुवारी, रविवार

जोतिबा झाला. गर्दी बेताची. गुलालानं टोपी, कोट, चष्मा सगळं गुलाबी! दुकानदारानं खोबऱ्याची वाटी जास्तीची दिली — तो कोडोलीच्या शाळेत माझ्या हाताखाली होता म्हणे. मला चेहरा आठवला नाही, पण त्यानं पाचवीतली सगळी कविता चालीवर म्हणून दाखवली. पायरीवर उभं राहून दोघांनी म्हटली. लोक बघत होते. बघू देत.

श्रीशैल आला नाही. डंपरचं काम होतं. पण पोरगा निवळलाय असं वाटतं. आपलं बोलणं कुठंतरी पोचतं, फक्त वेळ द्यावा लागतो.

२ फेब्रुवारी

पाय उचलत नव्हता तरी गेलो होतो. का कुणास ठाऊक.

हिवर अर्धा जळालाय. लांबूनच ठसका लागला — मिरचीचा. बिळाच्या तोंडाशी काळं झालेलं गवत, आणि त्यावर डंपरभर दगड. काही दगडांवर चुन्याचे पट्टे. टायरच्या खुणा रस्त्यापासून सरळ तिथपर्यंत. कुठंही वळल्या नाहीत, शोधल्यासारख्या फिरल्या नाहीत. सरळ.

मायाप्पा समोरच्या काठावर बसला होता. मला बघून उठला नाही. विचारायच्या आधीच बोलला. काल दुपारी आले. मिरच्या पेटवल्या, पोतं लावलं, आतला आवाज बंद होईपर्यंत थांबले, मग दगड ओतले. मादी शिकारीला गेली होती. दिवस मावळताना आली. दगडांभोवती उकरत बसली. पंजे फुटले तिचे, म्हणाला.

कोण होते?

“मला इचारलं बी न्हाय कुणी. कागुद हातात धरून आलंतं.” मग टायरच्या खुणांकडे बघून, “डंपर वळकीचा हुता.”

मी काही बोलणार तर त्यानं मान हलवली.

“मी तुमाला डोळ्यानं दावलंतं, गुर्जी. तुमी लिवून दावलंसा.”

टोपीवर कालचा गुलाल तसाच होता. तिथंच काढली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस घरात कुणाशी बोललो नाही. आज श्रीशैल समोर येऊन बसला. म्हणाला, विचारा की.

विचारलं. तू होतास?

होता. भागीदार दोघे आणि तो. वनखात्याचे साहेब पाहणीला यायच्या आत उरकायचं ठरलं. गावातल्या कुणी अडवलं नाही, कारण तारांची भीती सगळ्यांनाच. पिल्लांचा आवाज आला का रे, विचारलं. तो खाली बघत राहिला. म्हणजे आला.

मग मी नको ते बोललो. माणूस नव्हेस म्हटलं. माझ्या पोटी कसा आलास म्हटलं. दानेश्वरी दारात उभी होती, तिच्यासमोर.

त्यानं ऐकून घेतलं. उठताना म्हणाला, “माग मोडलं तवा रातभर बसलोवतो मी ह्या कट्ट्यावर. तुमी आत कविता म्हणत हुता. लांडग्यावर जेवडं लिवलंसा, अप्पा, तेवडं माज्यावर एक वळ तरी लिवलीसा कदी?”

या वहीची मागची पानं चाळली. पाच वर्षांची. त्याचं नाव आहे — डॉक्टरकडे नेलं, बिल भरलं, उशिरा आला.

१० फेब्रुवारी

मायाप्पानं निरोप धाडला. गेलो. त्यानं बोट दाखवलं.

बिळाला मागून दुसरं तोंड होतं. हातभर रुंद, करवंदीच्या जाळीत. मला ठाऊक नव्हतं. नकाशात नव्हतं — म्हणून त्यातून एक वाचलं! मादी त्याला मानेला धरून वरच्या कपारीत घेऊन गेलीय. ओघळीच्या पल्याड, चुन्याच्या खुणांच्या आतच. नर दिसत नाही.

पिल्लू खोकतं. माणसासारखं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वनखात्याचे साहेब आले, गार्ड घेऊन. तरुण आहेत, खरेच वाटले. दगड बघितले, जळकं गवत बघितलं. चावडीत सगळ्यांना विचारलं. गावाचं एकच — इथं लांडगा कधी नव्हताच, दगड खाणीचे. साहेब घरी आले, माझा अर्ज फाईलमधून काढला. म्हणाले, गुरुजी, एवढा एकच पुरावा आहे. उद्या जबाब द्या. लांडगा होता आणि बीळ कुणी बुजवलं एवढं सांगितलंत तर खाण कायमची बंद, आणि ज्यांनी केलं ते सात वर्षांपर्यंत आत. नाहीतर मला माळ मोकळा असं लिहावं लागेल.

ते गेल्यावर श्रीशैल म्हणाला, खरं ते सांगा, मी न्हाय म्हणणार न्हाय. आवाज साधा होता. मग डंपरची किल्ली, मोबाईल, घड्याळ काढून टेबलावर ओळीनं ठेवलं आणि दानेश्वरीला बँकेची पासबुकं कुठं आहेत ते सांगायला लागला.

दानेश्वरीनं उद्यासाठी माझा कोट इस्त्री करून खुंटीला लावलाय.

१८ फेब्रुवारी

जबाब दिला. वय त्र्याहत्तर, नजर अधू, माळावर दिसली ती भटकी कुत्री होती, अर्ज गैरसमजातून लिहिला. साहेबांनी अर्ज फाईलमध्ये परत ठेवला. मग ‘माळ मोकळा’ लिहून घेतलं. साक्षीला मायाप्पानं सही केली — फॉरेस्ट आलं तर त्याची मेंढरं कुठं जाणार? दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. सोमवारपासून सुरुंग. ती पिल्लासकट खुणांच्या मध्येच आहे.

बाहेर श्रीशैल मोटारसायकल चालू करून उभा होता. मागं बसलो. खड्ड्यात हादरा बसला तेव्हा त्याचा खांदा धरला. मग घर येईपर्यंत सोडला नाही.